विश्लेषण : पक्षाध्यक्ष ‘बिनविरोध’ निवडला, तर बिघडले कुठे?

पक्षाने नवा अध्यक्ष निवडला, की बातमीत एक शब्द हमखास येतो : बिनविरोध. मग हार, पेढे, ढोल-ताशे आणि ‘कार्यकर्त्यांच्या भावनेचा आदर करून’ पद स्वीकारल्याचे निवेदन. वाचक पुढच्या बातमीकडे वळतो. पक्षाचा अध्यक्ष कोण हा त्या पक्षाचा घरगुती मामला, आपल्याला त्याचे काय, अशी सर्वसाधारण समजूत असते.

महाराष्ट्राने २०२२ ते २०२४ या काळात जे पाहिले, त्यानंतर ही समजूत सोडून द्यायला हवी. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस हे दोन्ही पक्ष फुटले. खरा पक्ष कोणता हे ठरवायला निवडणूक आयोग बसला. दोन्ही वेळा आयोगासमोर एक साधा प्रश्न होता : या पक्षाचे अध्यक्ष आणि पदाधिकारी निवडले कुणी, आणि कोणत्या नियमाने? दोन्ही वेळा आयोगाचे समाधान होईल असे उत्तर मिळाले नाही. शेवटी आमदार-खासदारांची डोकी मोजली गेली आणि निकाल लागला. लाखो सदस्यांना, शाखाप्रमुखांना, बूथवर बसणाऱ्यांना कुणी विचारले नाही, कारण त्यांचे मत पक्षाच्या दप्तरात कुठे नोंदलेलेच नव्हते.

अध्यक्षाची निवडणूक म्हणजे पक्षाचा सातबारा. सगळे सुरळीत असते तोवर तो कुणी पाहत नाही. भाऊबंदकी सुरू झाली की पहिला कागद तोच मागितला जातो.

शिवसेनेच्या निकालात नेमके काय होते?

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे सर्वांच्या लक्षात आहे. त्यामानाने १७ फेब्रुवारी २०२३ चा आयोगाचा आदेश फार कमी लोकांनी वाचला. ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला देताना आयोगाने पक्षाच्या घटनेवर बरीच पाने खर्च केली आहेत.

आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे. शिवसेनेच्या मूळ घटनेत अंतर्गत लोकशाहीला जागा नव्हती. आयोगाने आग्रह धरल्यावर १९९९ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या काळात घटनेत दुरुस्ती होऊन निवडणुकीच्या तरतुदी आल्या. २०१८ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली आणि त्या तरतुदी मागे पडल्या. ही २०१८ ची घटना आमच्या दप्तरी नाही, असे आयोगाने नमूद केले. ज्या संघटनेत पदाधिकारी निवडून येत नाहीत, नेमले जातात आणि पुन्हा तेच नेमलेले लोक पक्षप्रमुख निवडतात, त्या संघटनेतल्या बहुमताला वजन देता येत नाही, असा त्याचा रोख होता.

उरली विधिमंडळातील आणि संसदेतील बहुमताची कसोटी. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार शिंदे यांच्या बाजूला होते. पक्षाच्या विजयी आमदारांना मिळालेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के मते या ४० जणांची, असाही हिशेब आयोगाने मांडला.

इथे थोडे थांबायला हवे. ही मते २०१९ मध्ये शिवसेनेला पडली होती, तेव्हा पक्षप्रमुख उद्धव ठाकरे होते आणि युती भाजपशी होती. त्या मतदाराला पुढचे काहीच ठाऊक नव्हते. महाविकास आघाडीही नाही आणि गुवाहाटीही नाही. त्याचे मत आमदाराच्या खिशात घालून, आमदार जिकडे गेला तिकडे तेही गेले असे मानणे हे गणित म्हणून सोपे आहे. तर्क म्हणून ते पटत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी अपात्रता प्रकरणात निकाल दिला तोही याच धाग्याने. त्यांनीही १९९९ चीच घटना ग्राह्य धरली. त्या घटनेनुसार सर्वोच्च अधिकार राष्ट्रीय कार्यकारिणीचा आहे, एकट्या पक्षप्रमुखाची इच्छा म्हणजे पक्षाची इच्छा नव्हे, असे सांगून त्यांनी शिंदे यांना नेतेपदावरून काढण्याचा ठाकरे यांचा निर्णय अमान्य केला. ठाकरे गटाने त्यानंतर २०१३ आणि २०१८ च्या बैठकांच्या चित्रफिती जाहीरपणे दाखवल्या आणि नेतानिवड रीतसर झाली होती, आयोगाला कळवलीही होती, असा दावा केला.

ठाकरे गटाचा हा दावा खरा मानला तरी एक अडचण उरतेच. त्या बैठकांत उमेदवार एकच होता. ज्या पक्षात २००३ च्या महाबळेश्वर अधिवेशनात उद्धव यांना कार्याध्यक्ष करण्याचा ठराव राज ठाकरे यांनीच मांडला आणि सुमारे तीन वर्षांनी राज यांनाच वेगळा पक्ष काढावा लागला, त्या पक्षात ठरावाच्या पोटात काय दडलेले असते हे वेगळे सांगायला नको. मतदान झाले असते तर नाराजी आकड्यात दिसली असती. ती दिसली नाही म्हणून ती नव्हती असे नाही.

पक्ष याआधीही फुटले, तेव्हा कसे ठरले?

‘खरा पक्ष कोणता’ हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशातील परिच्छेद १५ ने मिळतो. त्याची पहिली मोठी परीक्षा पुढच्याच वर्षी झाली. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली. एकीकडे निजलिंगप्पा, दुसरीकडे इंदिरा गांधी आणि त्यांच्या गटाचे अध्यक्ष जगजीवन राम. आयोगाने संसद व विधिमंडळांतले बहुमत मोजले, आणि त्याबरोबर काँग्रेसच्या संघटनेतले प्रतिनिधीही मोजले. दोन्हीकडे जगजीवन राम गट पुढे होता. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सादिक अली खटल्यात ही पद्धत योग्य ठरवली. आजही प्रत्येक फुटीच्या वेळी याच खटल्याचा हवाला दिला जातो.

तेव्हा मोजण्यासारखे काहीतरी होते, हे इथे लक्षात घ्यायचे. काँग्रेसकडे प्रतिनिधींच्या याद्या होत्या, निवडून आलेल्या समित्या होत्या. २०१७ मध्ये समाजवादी पक्षात मुलायमसिंह आणि अखिलेश यांचा वाद आयोगाकडे गेला तेव्हाही आमदार-खासदारांबरोबर अधिवेशनाच्या प्रतिनिधींची प्रतिज्ञापत्रे पाहिली गेली. मुलायमसिंहांच्या बाजूने तशी प्रतिज्ञापत्रे आलीच नाहीत आणि सायकल अखिलेश यांच्याकडे राहिली. महाराष्ट्रात संघटनेची ही कसोटीच बाद झाली.

राष्ट्रवादीचे प्रकरण वेगळे होते का?

तपशील वेगळा, शेवट तोच. शरद पवार १९९९ मध्ये पक्ष स्थापन झाल्यापासून अध्यक्ष. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्लीत त्यांची पुन्हा बिनविरोध निवड झाली. २ मे २०२३ रोजी मुंबईत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमध्ये आत्मचरित्राच्या प्रकाशनावेळी त्यांनी अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले. सभागृहात रडारड झाली. पुढचा अध्यक्ष ठरवण्यासाठी ज्येष्ठ नेत्यांची समिती नेमली गेली. तीन दिवसांनी समितीने राजीनामाच फेटाळला आणि पवारांनी तो मागे घेतला.

त्या तीन दिवसांकडे आज पाहिले की वाटते, महाराष्ट्रातल्या एका मोठ्या पक्षाला नवा नेता खुल्या पद्धतीने निवडण्याची ती संधी होती. कोण उमेदवार, कोण मतदार, किती दिवसांत मतदान, हे प्रश्न पक्षात कुणी मांडलेही नाहीत. चर्चा फक्त ‘साहेबांनी राहावे की जावे’ यावर झाली. दोन महिन्यांत, २ जुलैला, अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ३० जूनलाच अजित पवार यांना राष्ट्रीय अध्यक्ष निवडले गेल्याचे त्यांच्या गटाने नंतर सांगितले. म्हणजे शपथविधीच्या दिवशी एका पक्षाचे दोन अध्यक्ष होते आणि दोघांनाही निवडून दिल्याचा दावा करणारे लोक होते!

६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिले. दोन्ही गट पक्षाच्या घटनेबाहेर जाऊन वागले, संघटनेच्या निवडणुकांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून पुन्हा लोकप्रतिनिधींचे बहुमत. देशभरातल्या ८१ आमदार-खासदारांपैकी ५७ जणांची प्रतिज्ञापत्रे अजित पवार यांच्या बाजूने होती, २८ शरद पवार यांच्या. बेरीज ८१ च्या वर जाते, कारण काही जणांनी दोन्हीकडे सह्या केल्या होत्या. पक्षाची मालकी ज्या माणसांच्या संख्येवर ठरली, त्यांतल्या काहींना दोन्ही दारांत एकेक पाय ठेवायचा होता, हे त्या आकडेवारीत नकळत नोंदले गेले आहे.

मग आयोगाचे काहीच चुकले नाही?

चुकले. पक्षांच्या पदाधिकाऱ्यांच्या याद्या वर्षानुवर्षे आयोगाकडे येत असतात. अध्यक्ष बिनविरोध, कार्यकारिणी बिनविरोध, पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्या निमूट फायलीला लावल्या जातात. मतदार यादी कुठे आहे, अर्ज किती आले, असे आयोग विचारत नाही. फूट पडली की मात्र तीच फाईल उघडून ‘तुमच्याकडे लोकशाही नाही’ असे सांगितले जाते. शेजारच्याने बांध कोरला तेव्हा गप्प बसून, मोजणीच्या दिवशी ‘बांधच दिसत नाही’ म्हणणाऱ्या तलाठ्यासारखे हे झाले.

आयोगाची बाजूही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार पक्षाची नोंदणी होते, पण पक्षाने अंतर्गत निवडणूक नीट घेतली नाही म्हणून नोंदणी रद्द करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे स्पष्ट केले आहे. तरीही विचारणा करायला कुणी अडवलेले नाही. आंध्र प्रदेशातल्या वायएसआर काँग्रेसने २०२२ मध्ये जगनमोहन रेड्डी यांना ‘तहहयात अध्यक्ष’ केल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आयोगाने ठणकावले की कायमचे पद ही कल्पनाच लोकशाहीविरोधी आहे. एका पक्षाला हे सांगता येते, तर दर तीन-पाच वर्षांनी येणारी ‘बिनविरोध’ ही नोंद तपासताही येते.

शिवसेनेच्या सत्तासंघर्षावर ११ मे २०२३ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही, आमदार अपात्र ठरण्याची टांगती तलवार असताना केवळ विधिमंडळातील बहुमतावर पक्ष ठरवणे योग्य होईलच असे नाही, अशा आशयाचे निरीक्षण नोंदवले होते. नऊ महिन्यांनी राष्ट्रवादीच्या वेळी वापरली गेली ती तीच कसोटी.

काँग्रेसने तर २०२२ मध्ये निवडणूक घेतली. ती कशी झाली?

या साऱ्या गदारोळात एका मोठ्या पक्षाने अध्यक्षपदासाठी प्रत्यक्ष मतपेट्या ठेवल्या, याची दखल घ्यायला हवी. १७ ऑक्टोबर २०२२ ला मतदान झाले, १९ ला मोजणी. मल्लिकार्जुन खरगे यांना ७,८९७ मते, शशी थरूर यांना १,०७२. चारशेहून अधिक मते बाद झाली. २४ वर्षांनी गांधी घराण्याबाहेरचा अध्यक्ष आला.

निकाल काय लागणार हे आधीच सर्वांना ठाऊक होते. खरगे हे ‘वरून’ पसंत केलेले उमेदवार आहेत असा समज होता आणि प्रदेशाप्रदेशांत नेते त्यांच्या स्वागताला ज्या उत्साहाने उभे राहिले, त्यावरून तो पुसलाही जात नव्हता. त्याआधी अशोक गेहलोत यांचे नाव होते. जयपूरमध्ये त्यांच्या समर्थक आमदारांनी विधिमंडळ पक्षाच्या बैठकीवर बहिष्कार टाकला आणि ते नाव मागे पडले. तरीही ही निवडणूक म्हणजे निव्वळ देखावा होता असे म्हणायला मी तयार नाही. याचे कारण निकालात सापडत नाही, ते निवडणुकीआधी झालेल्या भांडणांत सापडते.

पहिले भांडण मतदार यादीवरून झाले. सुमारे नऊ हजारांहून अधिक प्रदेश प्रतिनिधी मतदार होते, पण ते कोण हे जाहीर नव्हते. थरूर, मनीष तिवारी यांच्यासह पाच खासदारांनी निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांना पत्र लिहिले. शेवटी उमेदवारांना यादी पाहता येईल अशी सोय झाली. दुसरे भांडण वरवर किरकोळ वाटेल. पसंतीच्या उमेदवारापुढे ‘१’ आकडा लिहायचा, अशी आधी सूचना होती. मतपत्रिकेवर खरगे पहिल्या क्रमांकावर होते. ‘१’ लिहा म्हटले की मतदाराचा गोंधळ होईल, अशी हरकत थरूर यांच्या बाजूने आली आणि ‘१’ ऐवजी बरोबरची खूण करायचे ठरले.

अशा क्षुल्लक भांडणांतूनच नियम पक्के होतात. हरणाऱ्यानेही हरकत घेतली, ती ऐकली गेली, कागदावर आली. उद्या काँग्रेसमध्ये फूट पडली आणि कुणी आयोगाकडे गेले, तर दाखवायला किमान एक यादी आहे आणि मोजलेली मते आहेत.

अर्थात काँग्रेसच्या इतिहासात मतदान झाले म्हणून सगळे मिटले असेही नाही. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांना १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी हरवले आणि काही महिन्यांतच त्यांना राजीनामा द्यावा लागला. १९५० मध्ये पुरुषोत्तमदास टंडन यांनी आचार्य कृपलानींना हरवले. त्या लढतीत आपले शंकरराव देवही होते. नेहरूंना टंडन नको होते. वर्षभरात टंडन गेले आणि नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. खरी सत्ता एका ठिकाणी आणि निवडून आलेला अध्यक्ष दुसऱ्या ठिकाणी असला की मतपेटी दुबळी पडते. १९९७ मध्ये सीताराम केसरी ६,२२४ मते घेऊन जिंकले, शरद पवारांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मते पडली. पुढच्याच वर्षी केसरींना कसे बाजूला केले गेले हे सर्वश्रुत आहे. २००० मध्ये सोनिया गांधींविरुद्ध उभे राहिलेल्या जितेंद्र प्रसाद यांना ९४ मते मिळाली. त्यानंतर बावीस वर्षे मतदानाची वेळच आली नाही. त्यात राहुल गांधी यांच्या २०१९ च्या राजीनाम्यानंतरची तीन वर्षे तर हंगामी अध्यक्षावर निघाली.

आणि प्रदेशात? प्रदेशाध्यक्ष निवडण्याचा अधिकार हायकमांडला देणारा ‘एका ओळीचा ठराव’ ही काँग्रेसची जुनी रीत आजही चालूच आहे. दिल्लीत निवडणूक आणि मुंबईत नेमणूक, हे कोडे पक्षाने अजून सोडवलेले नाही.

भाजपमध्ये मतदान का होत नाही?

भाजपची स्थापना १९८० ची. तेव्हापासून राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी मतदानाची वेळ आली नाही. घटनेत निर्वाचक मंडळ आहे, अर्ज भरण्याची पद्धत आहे, निम्म्या राज्यांत संघटनात्मक निवडणुका पूर्ण झाल्याशिवाय राष्ट्रीय निवडणूक घेता येत नाही अशी अटही आहे. पण अर्ज एकच येतो. नितीन गडकरी यांना दुसरी टर्म मिळणार असे २०१३ च्या जानेवारीत जवळपास ठरलेले होते, ऐन वेळी त्यांनी माघार घेतली आणि राजनाथ सिंह बिनविरोध आले. जगत प्रकाश नड्डा २०२० मध्ये बिनविरोध आले आणि त्यांना मुदतवाढ मिळत गेली.

भाजप समर्थकांचा युक्तिवाद असा : आमच्याकडे सहमती आधी होते, मग मतदान कशाला? शिवाय घराणे नाही, साधा कार्यकर्ता अध्यक्ष होतो. यात तथ्य आहे. अध्यक्ष बदलत राहतात आणि ते एका कुटुंबातले नसतात, ही बाब किरकोळ नाही. पण सहमती कुणाकुणात झाली, हे कार्यकर्त्याला कळत नाही. मिस्ड कॉल देऊन सदस्य झालेल्याला तर अध्यक्षनिवडीत मतच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये राजस्थानात विधिमंडळ नेता निवडताना वसुंधरा राजे यांच्या हाती चिठ्ठी आली, त्यांनी ती उघडली आणि शेवटच्या रांगेत बसलेले, पहिल्यांदाच आमदार झालेले भजनलाल शर्मा मुख्यमंत्री झाले. ती चित्रफीत लोकांनी कौतुकाने पाहिली. चिठ्ठी कुणी लिहिली, हा प्रश्न मागेच राहिला.

केंद्रात सत्ता आहे आणि नेतृत्व पक्के आहे तोवर हे चालते. मात्र चिठ्ठीची सवय लागलेल्या पक्षात, चिठ्ठी लिहिणारे दोघे झाले तर काय होते, त्याची उत्तरे महाराष्ट्रात पाहून झाली आहेत.

आमदार-खासदारच नेत्याच्या विरोधात गेले, तर पक्ष त्यांचाच नको का?

हा प्रश्न रास्त आहे. लोकांनी निवडून दिलेले ते आहेत. पक्षप्रमुखाला कुणी मत दिले?

याचे एक उत्तर ब्रिटनमध्ये मिळते. मजूर पक्षात २०१५ मध्ये सदस्य आणि नोंदणीकृत समर्थकांच्या मतांवर जेरेमी कॉर्बिन नेते झाले. बहुतेक खासदारांना ते नको होते. जून २०१६ मध्ये पक्षाच्या खासदारांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला : विरोधात १७२, बाजूने ४०. आपल्याकडे एवढ्यात रिसॉर्टची बुकिंग झाली असती. तिथे आव्हान देणाऱ्या ओवेन स्मिथ यांना पुन्हा सदस्यांपुढे जावे लागले. सप्टेंबरमध्ये निकाल लागला आणि कॉर्बिन ६१.८ टक्के मतांनी परत आले. पुढे २०१९ ची निवडणूक ते वाईट रीतीने हरले, तेव्हा पायउतार झाले आणि सदस्यांनी कीर स्टार्मर यांना निवडले. पाच वर्षांचे कडवे भांडण, पण पक्षाचे नाव कुणी पळवले नाही. १७२ खासदारांना ‘आम्हीच मजूर पक्ष’ म्हणता आले नाही, कारण पक्ष कुणाचा आहे याचे उत्तर नियमात लिहिलेले होते आणि ते नियम वापरात होते.

आमदारांना पक्षाचा मालक मानण्यात आणखी एक धोका आहे. ५५ माणसांतली ४० वळवायची तर ते काम अवघड असले तरी एका विमानात मावते. पाच लाख सदस्य वळवायला विमान पुरत नाही. पक्षांतरबंदी कायद्यातली एकतृतीयांश फुटीची पळवाट २००३ मध्ये बंद झाली, ती याच कारणाने. ती बंद झाल्यावर पक्ष सोडण्याऐवजी पक्षच आमचा असे म्हणण्याची वाट रुंद झाली.

सदस्यांनी निवडले की चांगला नेता मिळतो?

अजिबात हमी नाही. २०२२ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षात खासदारांच्या शेवटच्या फेरीत ऋषी सुनक १३७ मतांनी पहिले होते, लिझ ट्रस ११३ वर. सदस्यांनी ट्रस यांना ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी निवडले. अर्थसंकल्पी गोंधळ घालून ट्रस ४९ दिवसांत गेल्या. सदस्य म्हणजे सर्व मतदार नव्हेत, त्यांना जे आवडते ते देशाला झेपेलच असे नाही. म्हणून तिथे खासदारांची चाळणी आधी आणि सदस्यांचे मत नंतर, अशी रचना आहे.

चाळणीला माझी हरकत नाही. पण चाळणीची भोके किती बारीक, हे पाहावे लागते. तमिळनाडूत अण्णाद्रमुकच्या नियमांनुसार सरचिटणीस साध्या सदस्यांनी निवडायचा असतो, ही एमजीआर यांच्या काळापासूनची तरतूद. जुलै २०२२ मध्ये तिला जोड मिळाली की उमेदवाराला दहा जिल्हा सचिवांनी सुचवायला आणि दहांनी अनुमोदन द्यायला हवे. जिल्हा सचिव एका बाजूला होते. मार्च २०२३ मध्ये पलानीस्वामी बिनविरोध सरचिटणीस झाले. सदस्यांचा हक्क कागदावर शाबूत, मतपत्रिका छापायची वेळच आली नाही.

याचा सामान्य कार्यकर्त्याशी संबंध काय?

फुटीनंतर महाराष्ट्रात शाखा कुणाची यावरून ठिकठिकाणी वाद झाले. मुंब्र्यातली शाखा नोव्हेंबर २०२३ मध्ये पाडली गेली तेव्हा दोन्हीकडून घोषणा देणारे शिवसैनिकच होते. वर्षानुवर्षे वर्गणी काढून, गणपतीत मांडव घालून, दहावीच्या मुलांना वह्या वाटून ज्यांनी ती जागा उभी केली, त्यांच्या हाती पक्षाचा कोणताही कागद नव्हता. नेता बदलला तर त्यांना विचारायचे नाही, पक्ष बदलला तरी विचारायचे नाही. मतदारानेही निवाडा करून पाहिला. २०२४ च्या लोकसभेत ठाकरे गटाला ९ आणि शिंदे गटाला ७ जागा, काही महिन्यांनी विधानसभेत शिंदे ५७ आणि ठाकरे २०. यावरून सरकार ठरते. पक्ष कुणाचा, हे यावरून ठरवायचे म्हटले तर दर सहा महिन्यांनी चिन्ह बदलावे लागेल.

काय करता येईल?

जर्मनीने १९६७ मध्ये पक्षांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यात पक्षाची कार्यकारिणी गुप्त मतदानाने निवडणे बंधनकारक आहे. आपल्याकडे विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी कायद्यात तरतुदी सुचवल्या, त्या अहवालातच राहिल्या. ज्यांनी कायदा करायचा तेच पक्षप्रमुख, म्हणून तो लवकर होईल अशी आशा नाही.

कायद्याची वाट न पाहता आयोगाला एक काम करता येईल. अध्यक्षनिवडीची कागदपत्रे मागवायची आणि संकेतस्थळावर टाकायची : पक्षाची चालू घटना, मतदारांची संख्या, आलेले अर्ज, बाद झालेले अर्ज, पडलेली मते. उमेदवाराच्या संपत्तीचे प्रतिज्ञापत्र आज आपण मोबाइलवर पाहतो, तसेच हे. राष्ट्रवादीच्या आदेशातच आयोगाने पक्षांना अंतर्गत निवडणुकांचा तपशील जाहीर करण्याचा सल्ला दिला आहे. सल्ल्याऐवजी वर्षातून एकदा नोटीस पाठवली तरी फरक पडेल.

पक्षांच्या बाजूने बोलायचे तर सुरुवात राष्ट्रीय अध्यक्षापासून करायचीही गरज नाही. तालुकाध्यक्ष गुप्त मतदानाने निवडून पाहावा. गटबाजी वाढेल, पैसा चालेल, बोगस सदस्य नोंदवले जातील, हे आक्षेप खरे आहेत आणि ते ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही तंतोतंत लागू पडतात. म्हणून आपण ग्रामपंचायती नेमायला लागलो नाही.

एप्रिल २०२५ मध्ये मदुराईत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे अधिवेशन झाले. केंद्रीय समितीची यादी वरून आली होती आणि ती तशीच मंजूर होण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रातले कामगार नेते डी. एल. कराड यांनी यादीबाहेरून उमेदवारी ठेवली, म्हणून मतदान घ्यावे लागले. त्यांना ३१ मते पडली आणि ते हरले. ३१ हा आकडा मात्र त्या पक्षाच्या दप्तरात आता आहे.